एआयमुळे प्रॉडक्ट डिझाईनमध्ये नेमकं काय बदललं: जळगावच्या टूलरूममधून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्याचे एक भाऊ आहेत, मेकॅनिकल झालेले, काकांचा जळगाव एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगचा (म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये, साच्यात, दाबून वस्तू काढायचा) छोटा कारखाना आहे, क्रेट, बादल्या, ठिबकची फिटिंग असा माल निघतो. त्यांना विचारायचंय की एआय आता वस्तूचं डिझाईन स्वतःच करून देतं म्हणतात, मग कॅड (कॉम्प्युटरवर वस्तूचं मापात मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) शिकण्यात पैसे घालायचे की सरळ एआयचा कोर्स करायचा, आणि काकांना पुढे डिझायनर लागेल की नाही.

भाऊ, मी बरीच वर्षं मोल्ड डिझाईनमध्ये आहे, हे सगळे टूल गेली काही वर्षं रोजच्या कामात वापरतोय, त्यामुळे जे बघितलं तेच सांगतो. पहिल्यांदा हे लक्षात घ्या की एआय म्हणून जे विकलं जातंय त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या आहेत. एक, तुम्ही वजन, आधार, मटेरियल सांगितलं की आकार काढून देणारं. दुसरं, सिम्युलेशनचं (वस्तू न बनवता कॉम्प्युटरवर घेतलेल्या चाचणीचं) उत्तर तासांऐवजी सेकंदात अंदाजाने सांगणारं. तिसरं, चित्र काढणारं. आणि चौथं आपलं गप्पा मारणारं, ज्याला तुम्ही प्रश्न विचारता. चौघांचा फायदा वेगळा, धोका वेगळा, आणि यूट्यूबवर चौघांची खिचडी करून सांगतात म्हणून मुलं घाबरतात.

आकार काढून देणारं हे काही कालचं नाही. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनचं, म्हणजे नको तिथलं मटेरियल काढत काढत आकार शोधायचं, मूळ गणित 1988 मध्ये बेंडसो आणि किकुची यांच्या पेपरमध्ये आलंय, म्हणजे तुमच्या जन्माच्या आधी. नासाने 2006 मध्ये एसटी5 नावाचे छोटे उपग्रह सोडले त्यांचा अँटेना कॉम्प्युटरने पिढ्यामागून पिढ्या बदलत काढलेला होता, वाकड्या केलेल्या तारेसारखा दिसतो, कोणी इंजिनिअर हाताने तसा काढणार नाही, पण चालला. मग एअरबसचं विमानातलं पार्टिशन आलं, नेहमीच्यापेक्षा 45 टक्के हलकं, आणि 2018 मध्ये जनरल मोटर्सने सीटबेल्ट अडकवायचा ब्रॅकेट दाखवला, आधी 8 तुकडे जोडून बनायचा तो एकच तुकडा झाला, 40 टक्के हलका, 20 टक्के मजबूत. कोर्सवाले हीच उदाहरणं दाखवतात. आता हे शेवटचे दोन ज्याने बनवले ते बघा ना, मेटलचं थ्रीडी प्रिंटिंग. आपल्या एमआयडीसीत माल निघतो स्टीलच्या मोल्डमधून, त्यात मोल्ड उघडतो एका दिशेला, जॉब बाहेर यायला भिंतीला एक-दीड डिग्रीचा ड्राफ्ट म्हणजे उतार लागतो, आणि हाडासारखा पोकळ वेटोळा आकार त्यातून निघतच नाही, काढायचाच म्हटलं तर चारी बाजूंनी स्लायडर (मोल्डचे बाजूला सरकणारे भाग) लावा, मग मोल्डची किंमत ऐकून काका खुर्चीतून उठतील. आता काही सॉफ्टवेअरमध्ये मिलिंग, डाय कास्टिंग अशा अटी आधीच टाकता येतात, त्याने आकार जरा माणसात येतो, तरी ड्राफ्ट, पार्टिंग लाईन (मोल्डचे दोन भाग जुळतात ती रेघ), गेट (प्लास्टिक आत शिरायची जागा) कुठे, इजेक्टर पिन (जॉब ढकलून बाहेर काढणारी) कुठे ठोकणार, हे शेवटी माणसालाच बसवावं लागतं.

मग फायदा काय? फायदा आहे, आणि मोठा आहे, फक्त तिथे नाही जिथे लोक शोधतात.

केळीच्या क्रेटचं सांगतो, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची वस्तू आहे. एका ग्राहकाला क्रेटमधलं मटेरियल कमी करायचं होतं. बरोबरच आहे, एका क्रेटमागे 100 ग्रॅम दाणा (कच्चं प्लास्टिक) वाचला तर लाख क्रेटला 10 टन होतो, आणि या धंद्यात मार्जिन सगळं दाण्यातच असतं. तळाचा भाग सॉफ्टवेअरला दिला, आत 20 किलो केळी, वर थप्पी, चार कोपऱ्यांवर आधार, असं सांगितलं. त्याने दिलेला तळ खरंच हुशार होता, जिथे ताण तिथे खालच्या बाजूला मधोमध जाड उभ्या रिब (मजबुतीच्या पट्ट्या), बाकी सगळं पातळ. सिम्युलेशन पास, वजन कमी, ग्राहक खूश. मोल्डचं स्टील कापायच्या आधी एक नमुना प्रिंट करून चोपड्याकडे एका शेतात नेला, कटाई चालू होती. तिथल्या मजुराने क्रेट उलटा करून बघितला आणि म्हणाला, हाई डोकावर कसं लेवानं भो? (हे डोक्यावर कसं घ्यायचं भाऊ?) कारण शेतातून ट्रॅक्टरपर्यंत माल डोक्यावरूनच जातो ना, आणि मधल्या त्या रिब बरोबर टाळूत रुतणार, चुंबळ असली तरी. सॉफ्टवेअरने काही चूक केली नव्हती, डोकं ही अट त्याला कोणी दिलीच नव्हती. मग तळाच्या मधल्या पट्ट्यात खाली काही निघणार नाही अशी अट घालून परत चालवलं, रिब बाजूला सरकल्या, थोडं वजन परत वाढलं, आणि तो तळ शेवटी बनला.

याच्यातच सगळं उत्तर आहे खरं म्हणजे. पूर्वी माझा वेळ जायचा आकार काढण्यात, दोन-तीन पर्याय काढता काढता आठवडा जायचा म्हणून त्यातलाच एक बरा वाटेल तो घ्यायचो. आता पर्याय फुकटात पडलेत, पन्नास हवे तर पन्नास. माझा वेळ आता जातो अटी लिहिण्यात. वस्तू कोण उचलतं, कुठून धरतं, कशावर आपटते, उन्हात किती दिवस पडते, रिकामी असताना तिच्यावर बसून कोणी जेवतं का (बसतात, शंभर टक्के बसतात, क्रेट म्हणजे शेतातली खुर्चीच आहे). या अटी कुठल्याच डेटाबेसमध्ये नाहीत, त्या रावेर, यावल, चोपडा, शिरपूरच्या शेतात आहेत, आणि तिथे जाऊन बघणारा माणूस लागतो.

उन्हाचं निघालंच आहे तर हे नीट वाचा, कारण इथे नवीन मुलं फसतात. प्लास्टिकच्या डेटाशीटवर जे आकडे असतात, ताकद, कडकपणा, ते साधारण 23 अंश सेल्सिअसचे असतात, आणि सॉफ्टवेअरच्या मटेरियल लायब्ररीत बहुतेक वेळा तेच बसलेले असतात. 23 अंश आपल्याकडे कधी असतं, डिसेंबरच्या दुपारी? मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवेचंच तापमान 45 च्या आसपास जातं, उन्हात पडलेला गडद रंगाचा क्रेट त्याच्याहून बराच तापतो, आणि पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा कडकपणा 60 अंशाला 23 च्या निम्म्याच्या आसपास येतो. त्यात परत थप्पी दिवसेंदिवस तशीच उभी, मग प्लास्टिक हळूहळू वाकत जातं, त्याला क्रीप म्हणतात, आणि एकदा वाकलं की पूर्ण सरळ होत नाही. एआयने 23 अंशाच्या आकड्यांवर घासून घासून पातळ केलेली भिंत पहिल्याच उन्हाळ्यात पोट काढते. जुना डिझायनर अंदाजाने जास्त जाड ठेवायचा, त्या जाडीत त्याचं अज्ञान लपून जायचं. ऑप्टिमायझर सगळी चरबी काढून टाकतो म्हणून तुमची विसरलेली अट लगेच उघडी पडते. त्यामुळे मी तर म्हणतो एआय आल्यावर मटेरियल सायन्स जास्त यायला पाहिजे, कमी नाही.

आता दुसरा प्रकार, सेकंदात अंदाज सांगणारं. याच्याबद्दल लोक कमी बोलतात आणि माझ्या मते खरा बदल इथेच झालाय. समजायला सोपं आहे, तुम्ही आधी केलेली शेकडो सिम्युलेशन त्याला शिकवता, मग नवीन आकार दिला की ते पूर्ण गणित न करता उत्तर साधारण काय येईल ते सांगतं. अन्सिस, अल्टेअर यांचे असे टूल बाजारात आहेत. एक सिम्युलेशन रात्रभर चालत असेल तर तुम्ही दिवसाला एकच प्रयोग करणार, सेकंदात उत्तर आलं तर दुपारपर्यंत हजार प्रयोग होतील, आणि त्याने विचार करायची पद्धतच बदलते.

ठिबकचा ड्रिपर घ्या, नळीतून झाडाला थेंब थेंब पाणी सोडणारा. वरून बटणाएवढी वस्तू, पण आत नागमोडी वाट असते, दोन्ही बाजूंनी दात, पाणी दातांवर आपटत आपटत जातं आणि दाब मारला जातो. वाट सरळ बारीक नळीसारखी केली आणि पाणी शांत वाहिलं तर दाब दुप्पट झाला की पाणीही जवळपास दुप्पट पडतं, म्हणजे पंपाजवळच्या झाडाला पूर आणि शेवटच्या झाडाला थेंब. दातांमुळे खळबळ झाली की दाब दुप्पट झाला तरी पाणी साधारण 1.4 पटच होतं. दाताचा कोन, उंची, दोन दातांमधलं अंतर, वाटेची खोली, हे चारच आकडे धरले तरी त्यांची एवढी कॉम्बिनेशन होतात की माणसाने आयुष्यभर बसून काढली तरी संपणार नाहीत. हे काम मशीनला द्यायलाच पाहिजे. आणि आपल्या गावाशी संबंध आहे म्हणून सांगतो, अमेरिकेतल्या एमआयटीच्या गिअर लॅबने जळगावच्याच जैन इरिगेशनसोबत काम करून 2017 मध्ये पेपर काढला, त्यात दाब सांभाळणाऱ्या ड्रिपरचं गणित मांडून जेनेटिक अल्गोरिदमने (वर अँटेनाला वापरली तशी पिढ्यामागून पिढ्या बदलायची पद्धत) डिझाईन शोधलंय, 0.15 बार एवढ्या कमी दाबावर चालू होणारं, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या ड्रिपरपेक्षा खूपच कमी. दाब कमी लागला की पंप लहान लागतो, सोलर पंपवाल्या शेतकऱ्याला त्याचा किती फरक पडतो ते वेगळं सांगायला नको. जेनेटिक अल्गोरिदमला आज कोणी जोरात एआय म्हणत नाही, पण काम त्याच जातीचं आहे.

पण इथेही तीच अडचण. सिम्युलेशनमधलं पाणी स्वच्छ असतं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार, नदीच्या पाण्यात गाळ. 120 मेशचा फिल्टर म्हणजे साधारण 130 मायक्रॉनपर्यंतचं अडवतो, त्याच्याहून बारीक माती आत जातेच, आणि क्षार तर विरघळलेलेच असतात, ते फिल्टरच्या पुढे जाऊन नळीत जमतात, म्हणून तर ॲसिड सोडावं लागतं. बुजलेला ड्रिपर ब्लेडने उभा कापून भिंगाखाली बघा एकदा. गाळ सगळीकडे सारखा बसलेला नसतो, दाताच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पाणी गोल फिरत राहतं पुढे जात नाही, तिथे पांढरा-तपकिरी थर असतो. स्वच्छ पाण्यावर शिकवलेलं मॉडेल दात टोकदार करा, वाट अरुंद करा असं बिनधास्त सुचवतं कारण त्याला तो थर माहीतच नाही. ज्या कारखान्याने शेतातून परत आलेले बुजलेले ड्रिपर फेकून न देता कापून, फोटो काढून, कुठल्या गावचं पाणी आणि किती दिवस वापरला ते लिहून ठेवलं असेल, त्याच्या मॉडेलला पुढे कोणी हात लावू शकणार नाही. शिकवलेल्या रेंजच्या बाहेर ही मॉडेलं एकदम आत्मविश्वासाने चुकतात, तेव्हा शेवटचे दोन-चार पर्याय पूर्ण सिम्युलेशन आणि खऱ्या टेस्टवर घासल्याशिवाय मोल्ड कापायचा नाही.

चित्रवाल्या एआयचं थोडक्यात. आता डीलर कागदावर पेनने काढत नाही, मोबाईलवर एआयने काढलेला फोटो घेऊन येतो, असा स्टूल बनवून द्या म्हणतो. फोटो झकास असतो, त्यात पाय भिंतीत कुठे जोडलाय तेच कळत नाही, एका बाजूने तीन रिब दिसतात, आरशात चार. तरी मला हे आवडतं, कारण ग्राहकाच्या डोक्यात काय आहे ते पहिल्या दिवशी कळतं, आधी ते तिसऱ्या ट्रायलला कळायचं. फक्त तो फोटो म्हणजे डिझाईन नाही एवढं त्याला आधीच सांगून टाकायचं. फोटोवरून थ्रीडी बनवून देणारे टूल पण आलेत, त्यातून निघतं ते त्रिकोणांचं जाळीदार कवच, गेममध्ये चालेल, व्हीएमसीवर (मोल्डचं स्टील कापायच्या मशीनवर) टाकायला नीट सरफेस आणि मापं लागतात, ती त्यात नसतात, परत बसून मॉडेल करावंच लागतं. मजकूर लिहिला की कॅड मॉडेल देणारे पण निघालेत, साधा ब्रॅकेट, फ्लँज बरा देतात, क्रेटसारख्या गोष्टीत अजून दम नाही. चटईवाल्यांना मात्र चित्रवाल्याचा चांगला उपयोग होईल असं वाटतं, जळगावची चटई सगळीकडे जाते आणि त्यांना सारखं नवीन डिझाईन लागतं. पण तिथेही लूमवर जितके रंग चढतात तितक्याच रंगात आणि विणीच्या चौकोनात बसेल असं काढायला सांगावं लागतं, नाहीतर एआय सूर्यास्त काढून देतं, विणायचा कोणी?

गप्पावाल्याचा उपयोग मी करतो तो कॅडमधले मॅक्रो (तेच तेच काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहायला, एक्सेलची गणितं लावायला, ग्राहकाला इंग्रजी मेल लिहायला. जोरात काम होतं. पण स्टँडर्डचे आकडे त्याला विचारू नका. ड्रिपरसाठी आयएस 13487 आणि इनलाईन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीसाठी आयएस 13488, एवढं तो बरोबर सांगेल, आत कुठल्या कलमात किती टॉलरन्स ते विचारलं की कधी कधी मनाने ठोकून देतो आणि असं ठोकतो की खरंच वाटेल. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) साईटवरून मूळ कॉपी काढा आणि वाचा, कंटाळवाणी असते पण वाचा. आणि एक, ग्राहकाचं ड्रॉइंग फुकटच्या ऑनलाईन टूलवर चढवू नका. आपल्याकडे डिझाईन ॲक्ट 2000 खाली नोंदणी केली तर 10 वर्षं आणि पुढे 5 वर्षं संरक्षण मिळतं, पण डिझाईन नोंदणीच्या आधीच उघड झालेलं असेल तर नवीन म्हणून नोंदवायला अडचण येते. वर ग्राहक तुटतो ते वेगळं.

आता तुमचा खरा प्रश्न, कॅड की एआयचा कोर्स. कॅड. डोळे झाकून कॅड, आणि त्याच्यासोबत काकांच्या मशीनवर उभं राहणं. एआयचे टूल दर सहा महिन्यांनी बदलतात, आज कोर्समध्ये जे बटण शिकाल ते पुढच्या वर्षी तिथे नसेल, आणि तसेही ते चालवायला सोपे होत चाललेत. अवघड काय आहे, तर समोर आलेल्या पन्नास पर्यायांपैकी अठ्ठेचाळीस बघता क्षणी फेकणं. इथे सिंक (पृष्ठभागावर खड्डा) येणार, हा कोपरा भरणार नाही, इथे जॉब मोल्डला चिकटून बसणार, हे ज्याला दिसतं तोच एआयकडून काम करून घेऊ शकतो, आणि ते दिसायला मशीनसमोर उभं राहून खराब माल हातात घ्यावा लागतो. श्रिंकेजचं उदाहरण देतो. पॉलिप्रोपिलीन थंड होताना साधारण 1 ते 2.5 टक्के आकसतं, ग्रेड, जाडी, मोल्डचं तापमान यावर बदलतं. क्रेटची लांबी 540 मिमी धरली तर 1.5 आणि 2 टक्क्यांत फरक पडतो 2.7 मिमीचा, एवढ्यात थप्पी अडकते. त्यात काकांनी रिग्राइंड (खराब माल दळून परत केलेला) दाणा मिसळला असेल, सगळेच मिसळतात, लपवायचं काय, तर आजचा आकडा उद्या नसतो. हे सॉफ्टवेअरला तुम्हीच सांगणार.

काकांना डिझायनर लागेल का? लागेल, पण फक्त ड्रॉइंग काढून देणारा लागणार नाही. ते काम कमी होतंय हे खोटं बोलून उपयोग नाही, टू-डी ड्रॉइंगवर मापं टाकणं, स्टँडर्ड मोल्ड बेस बसवणं, नट-बोल्ट, असल्या कामाचे दर पडलेत आणि अजून पडतील. जी मुलं फक्त तेवढंच शिकून क्लासमधून बाहेर पडतायत त्यांची मला काळजी वाटते. उलट छोट्या कारखान्याला पहिल्यांदाच अशी संधी आलीय की सिम्युलेशनचं महागडं डिपार्टमेंट नसताना तो मोठ्या कंपनीच्या जवळपास जाऊ शकतो, कारण महाग होतं ते गणित आणि तेच स्वस्त झालंय. मोठ्या कंपनीकडे डेटा जास्त आहे हे खरं, पण केळीच्या क्रेटचा, आपल्या उन्हाचा, आपल्या पाण्याचा डेटा पुण्यात किंवा बंगलोरला बसलेल्याकडे कुठून येणार?

सुरुवात कशी करायची विचाराल तर नवीन लायसन्स घ्यायच्या आधी काकांच्या ऑफिसातलं जुनं कपाट उघडा. प्रत्येक मोल्डच्या ट्रायलचे कागद, शॉप फ्लोअरच्या वह्या, ग्राहकाच्या तक्रारींच्या चिठ्ठ्या त्यात असतील, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जायच्या आत काढून घ्या. एक साधी एक्सेल शीट करा, मोल्ड कुठला, दाण्याचा ग्रेड आणि रिग्राइंड किती, बॅरल आणि मोल्डचं तापमान, इंजेक्शन प्रेशर, सायकल टाईम, आणि शेवटी काय बिघडलं आणि काय केल्यावर सुटलं. अक्षर लागत नसेल तर जुन्या ऑपरेटरला शेजारी बसवा, तो निम्मं तोंडपाठ सांगेल, आणि कागदावर नाही तेही सांगेल. एवढी शीट तयार झाली की मला दाखवा, मग कुठलं टूल घ्यायचं त्यावर बोलू.